आभार मानायचे म्हणजे मानायचे

नाही, तुम्हीच सांगा, आभार मानायला माणसाला कितीसा वेळ लागतो? तोंड उघडायचं, 'आभारी आहे' म्हणायचं, तोंड मिटायचं, टोपी घालायची आणि घरी यायचं. झालं! आमच्या घरात ह्याला अख्खा उन्हाळा लागला. कॉड मासा पकडायला सरकार वर्षातले मोजके दिवस देतं, ते आले आणि गेले, माझी होडी अंगणात उलटी पडून राहिली, कुंपण रंगाची वाट बघत राहिलं, आणि मी काय करत होतो? तर गाडी चालवत होतो. शेजारी बायको, तिच्या मांडीवर मुरंब्याच्या बाटल्या, मागच्या सीटवर सासरा, तोंड फिरवून खिडकीबाहेर बघतोय, आणि आम्ही तिघं चाललोय हार्बरच्या हॉस्पिटलात आभार मानायला! एकदा मी नुसतं म्हणून बघितलं, की अगं लॉरेटा, एक छानसं कार्ड टाकू या ना पोस्टात, वर फुलंबिलं असलेलं... तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की मी रस्त्याकडे बघायला लागलो.

"सिरिल," म्हणाली, "आभार मानायचे म्हणजे मानायचे."

संपलं. आता ह्यावर कोण काय बोलणार?

लॉरेटा ही माहेरची ब्रॉडरिक. ब्रॉडरिक म्हणजे काय, हे आमच्या सेंट किलिअन्स गावात कुणालाही विचारा, आधी तो इकडेतिकडे बघेल आणि मग हळू आवाजात सांगेल. ही माणसं एकदा मनात घेतलं की घेतलं. हिचा बाप ॲम्ब्रोज, म्हणजे माझा सासरा, ऐंशी कधीच ओलांडलेला, जन्मभर समुद्रावर काढलेला, गावाच्या टोकावरच्या पिवळ्या घरात एकटा राहायचा. सासूबाई, स्टेला, गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, पण त्या घरातली एक वस्तू हलवायची कुणाची टाप नव्हती. त्यांचा चहाचा कप जिथे टांगलेला होता तिथेच. त्यांचे बागेत जायचे बूट दाराशी. लॉरेटा दर हिवाळ्यात त्याच्या मागे लागायची, की बाबा, आमच्याकडे या राहायला, तिथे एकटे पडाल झडाल, कुणाला कळायचंही नाही. म्हातारा म्हणायचा, "मी माझ्या घरातून पाय पुढे करूनच निघणार." दर हिवाळ्यात हेच. मला विचाराल तर, मी मध्ये पडत नव्हतो. माझी काही तक्रार नव्हती. पिवळं घर टोकावर होतं, मी इकडे होतो, सगळं झकास चाललं होतं.

तर जूनमधला रविवार. दुपारचं जेवण. रविवारी आमच्याकडे दुसरं काही शिजत नाही, खारं मांस, कोबी, सलगम, बटाटे आणि फडक्यात बांधलेलं वाटाण्याचं पुडिंग, सगळं एकाच पातेल्यात. म्हातारा नेहमीप्रमाणे जेवायला आलेला. लॉरेटानं वाढलं, मी काटा उचलला, आणि बघतो तर सासऱ्यानं मान खाली घातलेली. मी म्हटलं, आज प्रार्थना जरा मनावरच घेतलेली दिसते. आणि देवाची शपथ, मीही काटा खाली ठेवला आणि मान खाली घातली! दोघं जण मान घालून बसलोय. मांस गार होतंय. आणि मग म्हाताऱ्याचं कपाळ हळूच जाऊन सलगमात टेकलं.

मी अजून 'आमेन'ची वाट बघतोय, तोवर लॉरेटा टेबलाच्या पलीकडून अलीकडे आलेली होती. कशी आली, वरून का खालून, ते मला आजही माहीत नाही. तिनं त्याचं डोकं उचललं, मनगट धरलं, आणि तिचा चेहरा जो उतरला... म्हणाली, लागतच नाहीये नाडी. मग म्हणाली, लागली. मग परत काही नाही. बऱ्याच वेळानं एक ठोका. एखादा म्हातारा जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबतो ना, तसं. सासऱ्यानं डोळे उघडले, चेहरा राखेसारखा, कपाळाला सलगम, आणि म्हणतो काय, काही नाही, कोबी बाधला.

कोबी! लॉरेटानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती गेलेली दुसऱ्या गावाला, कुणाचं तरी बाळंतपण अडलेलं, यायला वेळ लागणार. लॉरेटानं फोन ठेवला, बापाला एका बाजूनं उचललं, मला म्हणाली दुसरी बाजू घे. म्हातारा म्हणतोय मला घरी सोडा, मी जरा पडतो, उठलो की बरं वाटेल. ती म्हणाली, बाबा, आज तुम्ही बोलायचं नाही. आणि तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यानं कुणाचं तरी ऐकलं. तेव्हा मला भीती वाटली. खरी भीती. त्याआधी नाही.

बाहेर धुकं. आमच्याकडचं धुकं तुम्ही बघितलं असेल तर मला काही सांगायला नको. माझ्याच गाडीचं नाक मला दिसत नव्हतं. मी जन्मभर सरकारची बर्फ सारायची गाडी चालवली, त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला तोंडपाठ, पण त्या दिवशी मी काच खाली करून, डोकं बाहेर काढून चालवत होतो. मागे लॉरेटा बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, त्याच्या मनगटावर बोट, आणि दर थोड्या वेळानं म्हणायची, "आहे." मग रस्ता जायचा. मग, "आहे." आणि दोन 'आहे'मधलं अंतर वाढत चाललेलं.

आणि अशात रस्त्याच्या मधोमध मूस!

मूस म्हणजे काय हरीण नव्हे, घोड्याहून उंच, डोक्यावर परातीएवढी शिंगं. उभा आहे आपला, शांत, जशी ह्याच्या बापाची वाट. मी हॉर्न वाजवला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि रवंथ करायला लागला. गाडी बाजूनं काढावी तर दोन्हीकडे दलदल. मी म्हटलं, थांबू या, जाईल तो. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. बघतो तर लॉरेटा, अंगात ॲप्रन, पायात घरातल्या सपाता, त्या जनावरासमोर जाऊन उभी! अहो, माणसं मरतात त्यांच्या लाथेनं! तिनं आवाजही चढवला नाही. भाजीवाल्याला सांगावं तसं सांगितलं, "माझे वडील आजारी आहेत. बाजूला हो." आणि तो झाला. झाला बाजूला! मी आजही शपथेवर सांगतो, त्यानं मान खाली घातली आणि दलदलीत उतरला. मी तीस वर्षं संसार केलाय तिच्याशी, मला त्या मूसची मन:स्थिती पूर्ण कळली.

हॉस्पिटलात पोचलो, आणि तातडीच्या विभागाचं दार उघडं होतं. तुम्ही म्हणाल त्यात काय सांगण्यासारखं? अहो, आमच्याकडे हल्ली तीच बातमी असते! कितीदा तरी दारावर कागद असतो, की आज डॉक्टर नाहीत, विभाग बंद आहे, सेंट जॉन्सला जावे. जावे! जसं ते शहर आमच्या परसात आहे. त्या रविवारी मात्र दार उघडं होतं, आणि आत होत्या दोघीच. एक डॉक्टर, चाळिशीच्या आतबाहेरच्या, नायजेरियाच्या, हिवाळ्यातच आलेल्या, नाव इफेओमा. आणि दुसरी नर्स, कोण? डोरीन! आता ह्या डोरीनचं आणि आमच्या लॉरेटाचं चर्चच्या गार्डन पार्टीत केकवरून वाजलेलं, तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकीनं चर्चमध्ये वरचा सूर लावला की दुसरी मुद्दाम खोकायची. पण त्या दिवशी डोरीननं म्हाताऱ्याकडे बघितलं, लॉरेटाकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता खाट ओढून आणली.

पुढचं मी दारातून बघितलं. म्हाताऱ्याला आडवं केलं, कात्रीनं त्याची लोकरीची जर्सी मधोमध कापली, छातीला तारा चिकटवल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी यंत्राच्या पट्टीकडे एकदा बघितलं. लॉरेटाला म्हणाल्या, काळजाच्या वरच्या मजल्यावरनं निरोप निघतोय, पण तो खालच्या मजल्यावर पोचत नाहीये. खालचा मजला आपल्या मनानं, जमेल तसा चाललाय. आणि त्या हे बोलताहेत तोवर तोही थांबला.

थांबला म्हणजे थांबला. यंत्रावर सरळ रेघ.

डोरीन स्टुलावर चढून त्याची छाती दाबायला लागली. मला कुणीतरी बाहेर जा म्हणेल असं वाटलं, पण डॉक्टरीणबाई लॉरेटाला म्हणाल्या, तुम्ही पायाशी उभ्या राहा, पाय धरा त्यांचे, सोडू नका. आवाज कसा, तर चहा घेणार का विचारावं तसा. दोन मोठ्या चिकट पट्ट्या, एक छातीवर, एक पाठीला, मग यंत्राचं बटण फिरवलं, आणि म्हाताऱ्याचा खांदा उडाला. परत उडाला. वीज बाहेरून काळजाला ढोसत होती, चल, चल, चल. बाईंनी बटण अजून थोडं फिरवलं, जांघेत बोट दाबून ठेवलं, डोळे मिटून घेतले, आणि मग म्हणाल्या, "आली."

नाडी. नाडी आली हो! म्हाताऱ्याच्या ओठांवर रंग आला, आणि रंगामागोमाग शिव्या आल्या. पाण्यावरची माणसं देतात त्या, मी इथे सांगत नाही. प्रत्येक झटक्याला एक. डोरीन घामाघूम, गालावर पाणी, म्हणाली, आला गं तुझा बाप परत.

आता त्याला सेंट जॉन्सच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं, पण धुक्यामुळे हेलिकॉप्टर यायला तयार नव्हतं. तोवर ॲम्ब्युलन्स परतली होती. डॉक्टरीणबाईंना जागा सोडता येईना, त्या एकट्याच होत्या, तेव्हा डोरीन निघाली बरोबर, आणि सबंध रस्ताभर बाई फोनवर, आता औषध एवढं द्या, आता बटण तेवढं करा. सेंट जॉन्समध्ये संध्याकाळी म्हाताऱ्याच्या कातडीखाली काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं, आणि आठवडा उलटायच्या आत स्वारी पिवळ्या घरात हजर.

आता मला सांगा, एवढं झाल्यावर माणूस काय म्हणेल? माझा सासरा म्हणाला, त्यांनी माझी जर्सी कापली.

बास. ह्याउप्पर एक शब्द नाही! ती जर्सी स्टेलानं विणलेली होती, हे खरं, पण लॉरेटानं कपाळाला हात लावला. म्हणाली, बाबा, त्या बाईनं तुम्हाला ओढून परत आणलं. म्हातारा म्हणाला, ते ठीक आहे, पण बटणं सोडता आली असती. जर्सीला बटणं नव्हती! मी हे म्हणणार होतो, पण म्हटलं नाही.

त्याच क्षणी ते वाक्य पहिल्यांदा आलं. आभार मानायचे म्हणजे मानायचे. तुम्हीही मानायचे, म्हणाली. तोंडानं.

पहिली पाळी डोरीनची. लॉरेटा हातात केक घेऊन तिच्या दाराशी उभी, मी गाडीत, काच खाली करून ऐकतोय. लॉरेटानं केक पुढे केला. मग लॉरेटा म्हणाली की त्या गार्डन पार्टीत तुझा केक माझ्यापेक्षा चांगला झाला होता. डोरीन म्हणाली, ते मला तेव्हाच माहीत होतं. मग सांगायला लागली, की तुझ्या बापानं सेंट जॉन्सपर्यंत मला शिव्या दिल्या, आणि प्रत्येक शिवीला मी देवाचे आभार मानले, कारण शिवी आली म्हणजे श्वास आहे. आणि दोघी दारातच गळ्यात पडून रडायला लागल्या. छान झालं. फक्त आता दर गुरुवारी दोघींची गाण्याची तालीम आमच्या स्वयंपाकघरात असते, वरचा सूर आणि अजून वरचा सूर. जाऊ दे. मी गॅरेजमध्ये बसतो.

खरा प्रश्न डॉक्टरीणबाईंचा होता. लॉरेटानं पहिल्या आठवड्यात मुरंबा नेला. बाई हसून आभारी आहे म्हणाल्या. आता झालं ना? नाही झालं. लॉरेटा गाडीत बसल्यावर म्हणाली, मी त्यांचे आभार मानायला गेले आणि त्यांनीच माझे मानले, म्हणजे आपण अजून तिथेच आहोत. दुसऱ्या खेपेला बाटलीत भरलेलं मूसचं मांस. मग विणलेले मोजे. मग पाव. मग आणखी मोजे! बाई प्रत्येक वेळी घ्यायच्या, हसायच्या, पण मला दिसायचं ना, त्यांच्या चेहऱ्यावर ओझं यायचं, आता हे ठेवू कुठे असं. पुढे पुढे खिडकीवरची मुलगी आम्हाला लांबूनच बघून सांगायला लागली, की हा तातडीचा विभाग आहे, काही तातडीचं आहे का? लॉरेटा म्हणाली, आहे, पाव गरम आहे.

आणि म्हातारा? म्हातारा दर वेळी गाडीतून उतरायचंच नाही म्हणायचा. गुडघा दुखतो. वारा आहे. शेवटी जुलै संपता संपता लॉरेटानं त्याला दंडाला धरून उतरवलं. बाई नेमक्या बाहेर आल्या होत्या, पार्किंगमध्ये, स्वतःच्या गाडीपाशी. लॉरेटानं बापाला पुढे उभं केलं, पहिल्या दिवशी शाळेत मूल उभं करावं तसं. म्हाताऱ्यानं टोपी काढली. टोपी हातात फिरवली. बाई वाट बघताहेत. लॉरेटा वाट बघतेय. मी गाडीत श्वास धरून बसलोय. म्हाताऱ्यानं घसा साफ केला, आणि म्हणाला,

"तुमच्या गाडीतनं तेल गळतंय, पोरी."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. म्हटलं, संपलं, आता लॉरेटा ह्याला इथेच सोडून जाणार. म्हातारा आपला खाली वाकला, गाडीखाली बघितलं, उठताना काचेला हात टेकवला, आत बघितलं, आणि टोपी घालून परत येऊन बसला.

परतीच्या वाटेला लागलो. लॉरेटाचा राग असा की काचा धुरकटल्या. अर्धा रस्ता गेला, आणि मागनं म्हातारा म्हणतो, त्या पोरीला राहायला जागा नाही.

लॉरेटा म्हणाली, काय?

म्हणाला, मागच्या सीटवर तिची रजई आहे. उशी आहे. किटली आहे, पातेलं आहे, हँगरला लावलेले कपडे आहेत. तुझे मोजे आहेत, सगळेच्या सगळे. प्रवासाला निघालेल्या माणसाचं सामान असं नसतं, होडीवर राहणाऱ्याचं असतं.

लॉरेटा म्हणाली, सिरिल, गाडी वळव.

मी वळवली. तोपर्यंत मला सवय झालेली.

बाई आधी म्हणाल्या, छे, तसं काही नाही. मग लॉरेटा समोर बसून राहिली. ती बसून राहिली की कसं होतं हे मूसला विचारा. मग हळूहळू निघालं. डॉक्टरांसाठी जे घर होतं त्याच्या भिंतींना बुरशी धरली म्हणून वसंतातच बंद केलं, दुरुस्ती होणार होती, होतेच आहे. उन्हाळ्यात सगळ्या खोल्या, सगळी घरं व्हेल बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी भरलेली, त्यामुळे आज इथे, परवा तिथे, आणि कुठेच नाही मिळालं तर तपासायच्या खोलीतल्या खाटेवर. ज्या बाईनं माझ्या सासऱ्याला मरणातून ओढून आणलं, ती तपासायच्या खाटेवर झोपत होती, आणि आम्ही तिला पाव नेऊन देत होतो! कापायला ताट नाही तिच्याकडे, आणि आम्ही पाव! बाई म्हणाल्या, मला इथली माणसं आवडतात. काम आवडतं. पण दिवसभर लोकांची काळजं सांभाळल्यावर माझ्या किल्लीनं उघडेल असं एक दार मला हवं. ते नाही, म्हणून मी सप्टेंबरअखेर निघते, तसं मी कळवलंय.

म्हणजे पुढे काय? पुढे दारावर कागद. आज डॉक्टर नाहीत. उद्या डॉक्टर नाहीत. त्या रविवारी तो कागद असता तर... लॉरेटा परत येताना एवढंच म्हणाली. वाक्य पुरं केलं नाही.

त्या दिवसापासून मुरंबा बंद, आणि घर शोधणं सुरू. तुम्हाला सांगतो, तिनं एक माणूस सोडला नाही. ज्यांची घरं रिकामी ती माणसं कामधंद्यासाठी पार लांब अल्बर्टात, फोनवर म्हणायची, अगदी वाईट वाटलं हो ऐकून, पण आम्ही ख्रिसमसला येणार आहोत. कुणी म्हणालं, पाहुण्यांनी पुढच्या उन्हाळ्यासाठी आत्ताच घेऊन ठेवलंय. कौन्सिलचा माणूस म्हणाला, ह्याचा नीट विचार झाला पाहिजे. लॉरेटा म्हणाली, करा ना मग, मी बसते. आणि बसली! त्याला दुपारचं जेवायला घरी जाता येईना. त्यानं विचार केला, पण घर काही निघालं नाही. ऑगस्ट सरला. मी दबकत दबकत म्हटलं, अगं, तू तुझ्याकडनं सगळं केलंस. तर म्हणाली, आभार मानायचे म्हणजे मानायचे. पण ह्या वेळी आवाज बारीक झाला होता. तीस वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मला तो आवडला नाही.

पुढचा रविवार. तेच टेबल, तेच पातेलं, म्हाताऱ्याला मात्र खारं मांस बंद, उकडलेली कोंबडी. लॉरेटा पानात काटा फिरवत बसलेली. आणि म्हातारा कोंबडीकडे बघत म्हणाला, "माझं घर आहे की."

 मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. लॉरेटानं काटा खाली ठेवला, म्हणाली, बाबा, ते आईचं घर आहे. तुम्ही मला तिचा कपसुद्धा घासू देत नाही.

म्हाताऱ्यानं कोंबडी बाजूला सारली. मग जे बोलला ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण एवढं तो एका दमात आधी कधी बोललेला मी ऐकला नाही.

"त्या दिवशी मी गेलो होतो, पोरी. अगदी गेलोच होतो. छान वाटत होतं, खोटं कशाला सांगू, वारा पडल्यावर समुद्राचं पाणी शांत होतं तसं. आणि ती बाई माझ्या कानाशी वाकून बोलत होती. नाव घेऊन. 'ॲम्ब्रोज, इथेच राहा. ॲम्ब्रोज, इथेच राहा.' मला राहायचं नव्हतं. पण ती सारखी म्हणत राहिली, म्हणून राहिलो. आता मी तिला तेच सांगणार आहे. आणि नुसतं तोंडानं राहा म्हणून कुणी राहत नाही, त्याला घर लागतं."

लॉरेटा उठून स्वयंपाकघरात गेली, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. मी सलगम खाल्लं. दुसरं काय करणार?

त्यानंतरचे दिवस त्यानं घर स्वतः रिकामं केलं. कुणाला हात लावू दिला नाही. कप त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळला, बूट पिशवीत घातले, भिंतीवरच्या खिळ्यांच्या जागी रंग लावला. मग बाईंना बोलावलं. त्या आल्या, सगळ्या खोल्यांतून फिरल्या, वरच्या खिडकीतनं खाडी बघितली, आणि म्हणाल्या, मिस्टर ब्रॉडरिक, मी हे घेऊ शकत नाही, हे फार आहे. म्हाताऱ्यानं किल्ली त्यांच्या हातावर ठेवली, त्यांची बोटं मिटवली, आणि म्हणाला, "माझ्या आईचं नाव एफी होतं. तुझंही जवळजवळ तेच आहे. इथेच राहा, एफी."

राहिल्या. हो, राहिल्या! जाण्याचं रद्द झालं, वर त्यांच्या ओळखीचा आणखी एक डॉक्टर येऊ घातलाय, आणि हार्बरच्या हॉस्पिटलचं दार सध्यातरी उघडं आहे. त्या रविवारी आमच्यासाठी होतं तसं दुसऱ्या कुणासाठी तरी. लॉरेटा परवा चर्चमध्ये असा सूर लावून गाऊन आली की मेणबत्त्या हलल्या.

तर सगळं गोड झालं, नाही का? मला सांगा, पिवळ्या घरात एफी राहायला आल्या, मग म्हातारा कुठे गेला?

बरोबर. विचारूच नका.

पहाटे उठतो. रेडिओवर मच्छीमारांसाठी वाऱ्याचा अंदाज लावतो, मोठ्यानं, आणि स्वतः गेली कित्येक वर्षं होडीत बसलेला नाही! माझ्या गॅरेजमधली हत्यारं त्यानं त्याच्या मनाप्रमाणे लावली. माझ्या होडीला तो परात म्हणतो. एरवी ज्या माणसाच्या तोंडातून शब्द काढायला पक्कड लागायची, तो आता मी दाढी करत असताना दाराशी उभा राहून, पाणी वाया घालवू नकोस म्हणून सांगतो. लॉरेटा इतकी खूश आहे की मला बोलायची सोय नाही.

आणि काल डॉक्टरीणबाई आल्या दाराशी. हातात मोठा डबा, टोमॅटो-मिरचीतला लालभडक भात, वास असा की गल्लीतली मांजरं गोळा झाली. मला म्हणाल्या, सिरिल, सगळे लॉरेटाचं नाव घेतात, ॲम्ब्रोजचं घेतात, पण त्यांना तुम्ही तुमच्या घरात घेतलं, म्हणून मला दार मिळालं. मी खास तुमचे आभार मानायला आले.

तुम्हाला सांगतो, उभ्या उन्हाळ्यात माझे आभार मानणारी पहिलीच! मला भरून आलं. म्हटलं हीच वेळ आहे, आता विचारून घ्यावं. जरा हळू आवाजात विचारलं, की डॉक्टर, म्हाताऱ्याची तब्येत आता... म्हणजे साधारण... कसं काय वाटतं?

बाई हसल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाल्या, अजिबात काळजी करू नका, सिरिल, इतकं छान चाललंय त्यांचं काळीज, की आणखी दहा वर्षं तरी त्यांना तुमच्यापासून कुणी हलवत नाही.

आता ह्यावर मी काय म्हणणार? मागे दारात लॉरेटा उभी, तिच्यामागे म्हातारा उभा. दोघं माझ्या तोंडाकडे बघताहेत.

म्हटलं, आभारी आहे.